'उभा कडा'मधली आरोळी

विश्वनाथ मेंढे हा गृहस्थ इतक्या हळू बोलतो की एडमंटनच्या बँकेत, दवाखान्यात आणि मुलीच्या शाळेत त्याच्या वाट्याला आयुष्यभर "सॉरी?" एवढाच प्रतिसाद आला. पाइपलाइनचे जोड तपासणाऱ्या एका कंपनीत तो नोकरीला आहे. तिथे हळू बोलणे हा गुण समजला जातो. जोडाला तडा गेल्याची बातमी हळू सांगितली की ऐकणाऱ्याला जरा कमी धक्का बसतो. घरी बायको अरुणा बोलते, मुलगी जाई बोलते, विश्वनाथ मान हलवतो. आणि तरीही गावातल्या कुठल्याही मराठी घरात त्याचे नाव काढा, लहानथोर एकच विचारतील, "म्हणजे आरोळीवाले मेंढे ना?"

ही आरोळी 'उभा कडा' नावाच्या गाण्यात आहे आणि ते गाणे 'कातळ' या बँडचे आहे. कातळ हा एडमंटनमधला पहिला मराठी हार्ड रॉक बँड. दुसरा अद्याप निघालेला नाही, त्यामुळे 'पहिला' या शब्दाला अजून कोणी आव्हान दिलेले नाही. गिटार वाजवतो तो पुण्याचा नंदन. ड्रमवर नागपूरचा दिलीप. बेस गिटारवर मुंबईचा संजय. तो नोकरीपायी दुसऱ्या प्रांतात, कोक्विटलामला गेला, पण बँड काही त्याने सोडला नाही. आणि गातो विश्वनाथ. गाण्यात कड्याच्या टोकावर पोचलेल्या माणसाचा प्रसंग आहे. तिथे गिटार क्षणभर थांबते आणि एक आरोळी उठते. उंच, धारदार, काचेवर नाणे ओढल्यासारखी. ती रेकॉर्ड झाली त्याला वीसेक वर्षे होऊन गेली, पण ऐकणाऱ्याच्या हातातली वाटी अजूनही जागच्या जागी थांबते.

वाटी थांबते हे अलंकारिक नाही. महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कातळला जेवणाच्या अगदी अगोदरची वेळ मिळते. मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब यांनी त्याचे कारण एकदा मोकळेपणाने सांगून टाकले होते, "तुम्ही सुरू झालात की मंडळी आपण होऊन खुर्च्या सोडतात. रांग लवकर लागते. नाट्यगीतात लोक बसूनच राहतात हो!" हा अपमान कातळने पचवला आणि त्यातूनच आपली मोजपट्टी तयार केली. गाणे चालू असताना जेवणाची रांग सरकत राहिली तर गाणे पडले. रांग थांबली तर गाणे हिट. 'उभा कडा'ला रांग वर्षानुवर्षे थांबत आली होती. एकदा तर मसालेभाताचा डाव हवेतच राहून त्यातला भात भाऊसाहेबांच्या कोटावर सांडला. कातळच्या इतिहासात तो दिवस सुवर्णाक्षरांनी लिहिलेला आहे.

यंदा बँडला पंचवीस वर्षे होत होती. संक्रांतीच्या कार्यक्रमात 'कातळ : निवडक' नावाचा संग्रह काढायचा ठरला. जाई शहरातल्या एका नाट्यगृहात ध्वनीचे काम करते. तिने बजावले, "व्हायनल काढायचं. नाहीतर मी करणार नाही."

"अगं, पण तबकडी वाजवायला यंत्र कोणाकडे आहे?" विश्वनाथने विचारले.

"बाबा, नोबडी प्लेज इट. भिंतीवर लावतात."

निवडीची बैठक मेंढ्यांच्या बेसमेंटमध्ये भरली. त्या खोलीनेच कातळला वाढवले होते. चहाचे कप, तिळाच्या वड्या आणि टेबलावर उभा केलेला फोन. फोनमध्ये कोक्विटलामचा संजय, अर्धे कपाळ कापले गेलेला. नंदनने संग्रहाच्या मलपृष्ठासाठी मजकूर लिहून आणला होता. तो वाचू लागला, "'पहिल्या कालखंडात कातळचा ध्वनी आदिम, रांगडा आणि बंडखोर आहे...'"

"रांगडा काय बे," दिलीप म्हणाला. "मले वाजवता येत नव्हतं तेव्हा. जोरात मारलं की चूक लपते."

"'दुसऱ्या कालखंडात ध्वनी अंतर्मुख होतो. तालवाद्ये जणू धुक्यातून येतात.'"

"शेजारच्या म्हातारीनं तक्रार केली होती. सासूबाईंच्या दोन गोधड्या टाकल्या होत्या ड्रमवर. धुकं कुठलं?"

नंदनने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले आणि पुढे रेटले. "'तिसरा कालखंड प्रयोगशील. इथे लय मुद्दाम विस्कटली आहे...'"

"ते माझं इंटरनेट," फोनमधले अर्धे कपाळ म्हणाले. "इकडे वाजवलेलं तिकडे उशिरा पोचायचं."

"आणि चौथा?" विश्वनाथने हळूच विचारले.

"'चौथ्या कालखंडात कातळ स्थिरावतो. ध्वनीला बैठक येते.'"

यावर सगळ्यांनी तिळाच्या वड्यांकडे हात वळवले, कारण चौथ्या कालखंडात दिलीपचे गुडघे, नंदनची कंबर आणि विश्वनाथचा घसा अशा तीन गोष्टी एकदम गेल्या होत्या आणि बँड खरोखरच खुर्च्यांवर बसून वाजवू लागला होता.

घशाचा प्रश्न अवघड होता. संग्रहाची सुरुवात 'उभा कडा'ने होणार हे ठरलेलेच होते. ते प्रकाशनाच्या दिवशी प्रत्यक्ष गावेही लागणार होते. आणि गेल्या दोन दिवाळ्यांत आरोळीच्या जागी विश्वनाथच्या गळ्यातून जे निघाले त्याने रांग थांबली नव्हती. उलट कोणीतरी त्याला पाणी आणून दिले होते.

"तू ते जमव बाबा," नंदन म्हणाला. "बाकी सगळं आम्ही सांभाळू. लोक आरोळीसाठी येतात."

विश्वनाथने मान हलवली. आयुष्यात त्याने जोरात म्हणावे असे एकच काम केले होते, आणि तेही आता हातचे जाणार होते.

पुढच्या रविवारी दुपारी जाईने त्याला आपल्या खोलीत बोलावले. जुन्या रेकॉर्डिंगमधले आवाज एका सॉफ्टवेअरने वेगळे काढायचे तिचे काम चालले होते. त्या काळी कातळने सगळे गाणे एकाच लहानशा यंत्रावर घेतले होते आणि ते यंत्र जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवलेले होते.

"बाबा, बसा. डोन्ट पॅनिक." तिने हेडफोन त्याच्या कानांवर चढवले. "ही आरोळी. आता फक्त हा आवाज ऐका."

गिटार गेली, ड्रम गेले. उरली ती आरोळी. नितळ, निखळ, एकटी. विश्वनाथला ती पहिल्यांदाच अशी उघडी ऐकू आली, आणि कानांच्या पाळ्या गरम झाल्या. ही आरोळी त्याच्या ओळखीची होती. गॅसवर दूध उतू गेल्यावर, जाईने लहानपणी भिंतीवर क्रेयॉनने घोडा काढल्यावर, त्याने स्वतः बर्फाचे बूट घालून स्वयंपाकघरात पाऊल टाकल्यावर ती त्याने असंख्य वेळा ऐकली होती.

"दॅट्स आई," जाई हळूच म्हणाली.

त्याने हेडफोन काढून ठेवले, पुन्हा घातले, पुन्हा काढले.

"आणि मी? मीही तिथे ओरडलो होतो. मला चांगलं आठवतं."

"तुम्ही आहात. खाली. खूप खाली." तिने दुसरा आवाज लावला. एक जाड, लांब 'होऽऽऽ' होता, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. "इट्स नॉट बॅड, बाबा. पण ती आरोळी ही नाही."

त्यानंतर तिने एकच प्रश्न विचारला : कव्हरवर नाव कोणाचे छापायचे? मजकूर शुक्रवारी छपाईला जाणार होता. "यू डिसाइड. मी कोणाला सांगितलं नाही."

विश्वनाथ किल्ली घेऊन घराबाहेर पडला. बाहेर उणे अठ्ठावीस. तो गाडी घेऊन एका मोठ्या दुकानाच्या पार्किंग लॉटच्या पार टोकाला गेला, काचा बंद केल्या, स्टिअरिंग घट्ट धरले आणि आरोळी मारून पाहिली. घोगरी निघाली. दुसरी मधेच फाटली. तिसऱ्या खेपेला त्याने डोळे मिटून, मान वर करून जीव ओतला, तेव्हा काचेवर टकटक झाली. बाहेर पगडीवर जाकिटाची टोपी ओढलेले एक सरदारजी उभे होते, हातात बूस्टर केबल.

"भाईसाब, बॅटरी बैठ गयी? चिल्लाने से नहीं चलेगी. केबल है मेरे पास."

इंजिन सुरूच आहे हे सांगायचा विश्वनाथला धीर झाला नाही. त्याने गुपचूप गाडी बंद केली, बॉनेट उघडले आणि चालू बॅटरीला केबल लावून घेतली. सरदारजींनी अभिमानाने हात झटकले. "देखा? एक सेकंद में!" विश्वनाथने त्यांचे मनापासून आभार मानले. घरी येईपर्यंत त्याच्या एवढे लक्षात आले होते की तो इतकी वर्षे हेच करत आला होता : सुरू असलेल्या गाडीला केबल लावणे, अरुणाच्या आरोळीला आपला गळा.

अरुणा स्वयंपाकघरात तीळ भाजत होती. ती दिवसा एका औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते, आणि तिच्या हाका पार्किंगमधल्या गिऱ्हाइकालाही मागे फिरवतात.

"अरुणा," तो म्हणाला, "'उभा कडा'तली ती आरोळी तुझी आहे."

"मग?" तिने कढई हलवली.

"मग काय? तुला ठाऊक होतं?"

"अहो, माझा आवाज मला ठाऊक नसेल? त्या रविवारी मी खाली बेसमेंटमध्ये कुरडया घातल्या होत्या."

आता त्याला सगळे आठवले. कुरडयांना गावाकडे चैत्राचे ऊन लागते. एडमंटनमध्ये ते ऊन शोधत बसले तर माणूस म्हातारा व्हायचा. पण पहिल्याच हिवाळ्यात अरुणाला शोध लागला की घर गरम ठेवणारा फर्नेस चालू असला की बेसमेंटची हवा अशी कोरडी होते की गालाची कातडी तडकते. तेव्हापासून मेंढ्यांची वाळवणे भर थंडीत, बेसमेंटमध्ये, फर्नेसच्या खोलीबाहेर पांढऱ्या चादरीवर होत आली. चादरीच्या अलीकडे बँड, पलीकडे कुरडया. मधली सीमा सर्वांना पाठ होती. फक्त त्या दिवशी नंदन उशिरा आला होता, गाणे सुरू झालेले पाहून तो बूट न काढताच गिटार गळ्यात अडकवून घुसला, आणि ऐन कड्याच्या टोकावर त्याने भान हरपून एक पाऊल मागे टाकले.

"ओला चीक होता," अरुणा म्हणाली. इतक्या वर्षांनीही तिचा चेहरा कसनुसा झाला. "नुकत्याच पाडलेल्या कुरडया. आणि त्यावर हा एवढा बर्फाचा बूट. मी जिन्यात होते, तिथूनच ओरडले."

"तू आम्हाला खूप बोलली होतीस, ते आठवतं. पण ती आरोळी आत गेली हे..."

"मला वाटलं तुम्ही कौतुकानं ठेवलीत. मग लोक तुमचं नाव घ्यायला लागले."

"आणि तू गप्प राहिलीस? तू?"

अरुणाने गॅस बारीक केला. "एरवी तुमचा आवाज या घरात कोणाला ऐकू येतो का? दिवाळीला तेवढे उभे राहून मान वर करून ओरडायचात. बरे दिसायचात हो. म्हटलं, असू दे. माझ्याकडे आवाजाला काय तोटा?"

विश्वनाथने भाजलेल्या तिळांसाठी ताट पुढे केले. मग म्हणाला, "कव्हरवर तुझं नाव घालतो. आणि स्टेजवर आरोळी तूच मार."

"नाव खुशाल घाला. पण स्टेजबिज मला सांगू नका. उगाचच्या उगाच मला ओरडता येत नाही. कारण लागतं."

बँडला ही बातमी सांगणे अधिक कठीण जाईल असे विश्वनाथला वाटले होते. त्याने घसा साफ केला आणि सगळे एका दमात सांगून टाकले. फोनमध्ये संजय गोठला होता. ते इंटरनेटमुळे की धक्क्यामुळे हे कळायला मार्ग नव्हता.

पहिला दिलीप बोलला. "म्हणजे इतकी वर्षं आपण वहिनींचं गाणं आपलं म्हणून वाजवून राहिलो?"

नंदन मात्र वेगळ्याच विचारात होता. त्याचे डोळे हळूहळू चमकू लागले. "थांबा. माझा बूट पडला म्हणून आरोळी आली. आरोळी आली म्हणून गाणं हिट झालं. म्हणजे कातळचा ध्वनी खऱ्या अर्थानं कोणी घडवला?"

"गप बे!"

"मी श्रेय मागत नाही. नोंद व्हावी इतकंच."

हसून झाल्यावर प्रश्न तसाच उरला. प्रकाशनाला गाण्याच्या त्या जागी करायचे काय? रेकॉर्ड लावायची? नंदनला ते कमीपणाचे वाटले. जागा रिकामी सोडायची? मग रांग सरकणार. तेव्हा आयुष्यात फारसे कधी न सुचवणाऱ्या विश्वनाथने हळूच एक गोष्ट सुचवली. इतक्या हळू, की दिलीपला "काय?" असे दोनदा विचारावे लागले. तिसऱ्यांदा ऐकल्यावर दिलीपने ड्रमच्या काड्या खाली ठेवल्या आणि त्याच्याकडे जणू पहिल्यांदाच पाहिले.

"मेंढे," तो म्हणाला, "तू लय पोचलेला माणूस आहेस बे."

संक्रांतीच्या कार्यक्रमाला हॉल भरला होता. कोटांच्या खुंट्यांवर जागा उरली नव्हती, दाराशी बुटांचा डोंगर झाला होता. मागच्या भिंतीशी जेवणाची टेबले लागली होती आणि त्यांच्यामागे, गुळाच्या पोळ्यांच्या परातीपाशी, काठापदराच्या साडीवर स्वेटर घालून अरुणा उभी होती. वाढण्याची व्यवस्था नेहमीप्रमाणे तिच्याकडे होती.

भाऊसाहेबांनी तबकडी वर धरून प्रकाशन केले, ती उलटी धरली आहे हे कोणी त्यांना सांगितले नाही, आणि कातळ सुरू झाला. पहिल्या कडव्यातच खुर्च्या सरकल्या. दुसऱ्या कडव्याला रांग लागली, ताटे हातात आली. विश्वनाथ गात होता. आज खुर्चीवर न बसता, उभा राहून. कड्याचा प्रसंग जवळ आला तसा त्याने खाली वाकून व्यासपीठावर एक पांढरी चादर झटकून पसरली. मग शेजारच्या पिशवीतून त्याने पसाभर, पुन्हा पसाभर अशा कुरडया काढून चादरीवर मांडल्या. फर्नेसच्या उबेत आठवडाभर वाळलेल्या, गोल, पांढऱ्याशुभ्र, एकही तुटकी नाही.

परातीमागे अरुणाचा हात थांबला. त्या कुरडया कुठल्या डब्यातल्या आहेत हे तिने इतक्या लांबूनही ओळखले होते. जाईच्या डोहाळजेवणापासून बारशापर्यंत पुरवायच्या म्हणून, जाईचे लग्नसुद्धा ठरलेले नसताना, तिने त्या वेगळ्या ठेवल्या होत्या.

गिटार थांबली. नंदनने सर्वांदेखत उजवा पाय वर उचलला. पायात बर्फाचा बूट होता आणि तळव्यातून पाणी ठिबकत होते. हॉलमध्ये कोणालाच काही समजत नव्हते. अरुणाला सगळे समजत होते. हे नाटक आहे, हा नवऱ्याचा डाव आहे, नंदन काही खरोखर पाय टाकणार नाही, आणि टाकलाच तरी आपण तोंड उघडायचे नाही, असे तिने ठरवूनसुद्धा टाकले. बूट चादरीच्या वर आला. बुटातून एक थेंब खाली पडला.

"एऽऽऽऽऽ!"

छताला टांगलेले कागदी पतंग हलले असे नंतर लोक सांगत होते. ते हीटिंगच्या वाऱ्याने हलले असतील. पण रांग थांबली हे सर्वांनी पाहिले. डाव थांबला, वाट्या थांबल्या, भाऊसाहेब सावध असल्यामुळे एक पाऊल मागे सरकले. सगळी डोकी अरुणाकडे वळली. तिने पदर सावरला, पण उशीर झाला होता.

आणि तेव्हा त्या आरोळीच्या खालून, व्यासपीठावरून, दुसरा आवाज उठला. लहानपणी पवनीच्या बाजूला, धानाच्या बांधीत म्हणजे भातखाचरात, मचाणावर बसून शाळकरी विश्वनाथ पाखरे उडवायला जो आवाज काढायचा तोच तो होता : जाड, लांबलचक, घाई नसलेला 'होऽऽऽ'. पाखरे त्या आवाजाने फार घाबरायची असे नाही, पण उठून शेजारच्या बांधीत जायची. विश्वनाथने मान वर केली नव्हती, डोळे मिटले नव्हते. वरच्या पट्टीसाठी तो आज पहिल्यांदाच धडपडला नाही. दिलीपने त्या आवाजाखाली ड्रम धरला, अजिबात गोधडी नसलेला, आणि कातळ पुन्हा सुरू झाला.

गाणे संपले तेव्हाही रांग जागची हलली नव्हती. टाळ्या वाजल्या, आणि नंदन इतका खूश झाला की प्रेक्षकांना वाकून नमस्कार करताना त्याने पाय पुढे टाकला.

कडाऽऽक.

या वेळी आरोळी आली नाही. अरुणा परातीमागून निघाली, रांगेतून वाट काढत, व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढून सरळ चादरीपाशी आली. माइक विश्वनाथच्या हातात होता आणि तो बंद करायचे कोणालाच सुचले नव्हते, त्यामुळे पुढचे संभाषण अख्ख्या हॉलने ऐकले.

"डब्याला हात लावायच्या आधी मला विचारलं होतंत?"

"नाही," विश्वनाथ म्हणाला. आवाज स्वच्छ, खणखणीत. मागच्या भिंतीपर्यंत पोचणारा.

"का?"

"विचारलं असतं तर तू ओरडली नसतीस."

अरुणाने त्याच्याकडे पाहिले, मग नंदनच्या बुटाखालच्या चुऱ्याकडे पाहिले. ती खाली वाकली आणि धड राहिलेल्या कुरडया एकेक करून पदरात गोळा करू लागली. विश्वनाथही गुडघ्यांवर बसला.

"चुरासुद्धा उचला," ती म्हणाली. "दुधात शिजवीन. तो नंदनभावजींना वाढायचा. आज, इथं, सगळ्यांसमोर. बुटासकट."

खालून जाई ओरडली, "आई, यू वेअर सो लाउड!"

"म्हणजे काय," अरुणा म्हणाली आणि रांगेकडे वळली, "आता पुढे सरका की! पोळ्या गार होतायत."

रांग सरकली.